शेवटच्या दहा ओळी

कोऱ्या पुस्तकाचा वास आला, की मला आमच्या सदाशिव पेठेतल्या महिला मंडळाची उखाण्यांची पुस्तिका आठवते. उखाणे सगळे मी दारोदार फिरून जमवलेले. टाइप करायची माझी मैत्रीण. मी कॉम्प्युटर आपला आपणच शिकलेली, त्यामुळे रोज सकाळी चहा घेताना ‘टेल’ अशी कमांड द्यायची आणि फाइलच्या शेवटच्या दहा ओळी तेवढ्या बघायची, कालचे उखाणे नीट उतरलेत ना म्हणून. पुस्तिका छापून आली हळदीकुंकवाच्या दिवशी, आणि पहिल्याच पानावर माझ्या नावाच्या जागी तिचं नाव! “अगं, हे कधी बदललंस?” मी विचारलं. “पहिल्याच आठवड्यात,” ती गजरा नीट करत म्हणाली, “तू तर रोज तपासत होतीस की!”