मारुतीच्या माळेत गेलेली रुई

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट सांगते.

पलूसला आमच्या परसात मी रुई लावलीय. तीन वर्षं जपली. फुलांवर काळे भुंगे यायचे, पानांवर फुलपाखरांच्या अळ्या होत्या.

आज शनिवार. शेजारच्या काकू आल्या. "मारुतीला माळ करायची हाय, पानं नेऊ का गं?"

देवाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, "न्या की."

आंघोळ करून येते तर नुसत्या काड्या! फुलंसुद्धा नेलेली. काकू नळाखाली पानं धूत होत्या. "लय किडं व्हतं गं, समदं धुऊन काढलं बघ."

अळ्या मोरीतून वाहून गेल्या.

रुई पुन्हा पालवेल. काकू पुन्हा विचारतील. आणि मी पुन्हा "न्या की"च म्हणेन. तुमच्यापैकी कुणाला "नाही" म्हणायला जमलंय का?