शेजारच्या काकूंचा सातवा माथा

आमच्या शेजारच्या काकूंइतकं डोंगर चढणारं माणूस येडशीपासून तुळजापुरापर्यंत दुसरं सापडणार नाही, आणि डोंगरावर कशाला गेलो होतो याचं इतक्या सरळ चेहऱ्यानं खोटं सांगणारंही. मी जरा वाढवून सांगते आहे असं वाटेल. पण ज्यांनी काकूंना पावसाळा सरताना, कमरेएवढ्या गवतातून, साडी वर खोचून आणि लेकीचे शाळेतले पांढरे बूट घालून चढावर जाताना पाहिलंय, ते म्हणतील की मी कमीच सांगितलं.

आमच्या गावात डोंगरावर जायला कारण लागतं. वैरण, सरपण, गुरं, नाहीतर देव. नुसतं वर जाऊन, वारा खाऊन खाली येणं हे कुणाचंच काम नाही. बाईमाणसाचं तर नाहीच नाही. म्हणून काकूंची शेळी हरवते. ही तांबडी शेळी त्यांनी मी सातवीत असताना बाजारात विकली. आता मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि शेळी अजून हरवलेलीच आहे. काकू डोंगरावरून उतरल्या की पारावरची माणसं तोंड गंभीर करून विचारतात, "काय वैनी, घावली का?" काकू त्यांच्याहून गंभीर होऊन सांगतात, "कुठली घावतीय! ह्या बारीला नुसती शेपटी दिसली." एकदा मी त्यांना सुचवलं, की नवरात्र जवळ आलंय, देवीला पायी जायचा सराव करतेय म्हणा, लोक उलट पाया पडतील. काकू माझ्यावर चिडल्या. "देवीच्या नावानं खोटं बोलावं व्हय गं? शेळीच्या नावानं बोललं तर शेळी काय म्हनत न्हाय."

या शेळीपायी एकदा पंचाईतही झाली. आमच्या भागात नव्यानंच आलेल्या एका गुराख्यानं सगळी हकिकत खरी मानली. बिचारा चार दिवस डोंगर धुंडाळत राहिला आणि पाचव्या दिवशी कुठंतरी मोकाट दिसलेली एक तांबडी शेळी ओढत आणून त्यानं काकूंच्या दारात उभी केली. काका ओसरीवर सुपारी कातरत होते. ते मान वर न करता म्हणाले, "घे, आली बग तुजी." काकूंनी गुराख्याला चहा दिला, शेळीला पाणी दाखवलं आणि दोरी हातात घेत म्हणाल्या, "ही माजी न्हाय. पर जिची आसंल ती रडत बसली आसंल. म्या पोचवून येते." पलीकडच्या गावात मालकीण शोधून त्यांनी शेळी पोचवली आणि संध्याकाळी परत आल्या. डोंगरावर जायला खरं कारण मिळाल्यानं त्या दिवशी त्यांचा चेहरा असा उजळला होता, की लेकीच्या लग्नातल्या फोटोतही तो तसा नाही.

काकूंचे चालण्याचे कायदेही कडक. चढावर बोलायचं नाही, बसायचं नाही आणि पाणी प्यायचं नाही, कारण "पानी पिलं की पायाला घर आठवतं." भाकरी सोडायची ती माथ्यावरच. मी एकदा मोबाइलवर उंची किती झाली ते दाखवलं, तर त्यांनी मोबाइल उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्येला कुनी सांगितलं? ह्यो चढला हुता का?" गावातून ओळीनं सात माथे दिसतात. पहिल्या तिघांना जुनी नावं आहेत. पुढच्यांना नाहीत, कारण तिकडं कुणाचं काम नसतं. ती नावं काकूंनी ठेवली. चौथा सासूबाई, लांबून सोपा वाटतो म्हणून. पाचवा तलाठी, कारण पोचलो असं वाटलं की तो आणखी पुढं पाठवतो. सहावा जावई. "नुसता पसरून बसलाय, पर मान द्यावा लागतोय."

सहाव्यापर्यंत काकू किती वेळा गेल्या असतील याची गणती नाही. सातव्यावर मात्र कधीच नाही. घरचं सगळं उरकून निघायचं, म्हणून सहाव्यावर पोचेपर्यंत ऊन कलायचं आणि म्हशीच्या धारेची वेळ गाठायला मागं फिरावं लागायचं. तीस वर्षं म्हशीनं त्यांना सहाव्यावरून परत आणलं. यंदा म्हैस विकली. पुण्यातल्या लेकीला दिवस गेले होते, आणि दसरा झाला की काका-काकू दोघंही कायमचे तिकडं राहायला जाणार होते. मी शनिवारी हॉस्टेलवरून घरी आले, तेव्हा काकू कुंपणापाशीच उभ्या होत्या. "उद्या येतीस का? सातव्यावर. आता न्हाय तर मग न्हायच."

रविवारी उजाडताच आम्ही निघालो. काका दारात उभे होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "शेळी घावली तर घिऊन ये. न्हाय घावली तर तू तरी ये."

गवत पिवळं पडायला लागलं होतं. वारा आला की अख्खा उतार एका बाजूला कलायचा आणि परत उभा राहायचा. माझी ओढणी कुसळांनी भरून गेली. काकू पुढं, मी मागं. सासूबाई झाल्या, तलाठ्यानं नेहमीप्रमाणं दोनदा फसवलं, आणि बाराच्या सुमाराला आम्ही जावयावर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोर सातवा होता. त्यावर एकही झाड नाही, नुसतं गवत. काकूंनी निम्मी भाकरी तशीच बांधली. त्यांना धीर धरवत नव्हता.

सहाव्याच्या उतारावर गवताखालचा दगड मला दिसला नाही. पाय मुरगळला आणि मी खाली बसले ती उठताच येईना. काकूंनी माझ्याच ओढणीनं घोटा आवळून बांधला, सुजेवर हात ठेवून पाहिलं आणि लाइट गेली असं सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, "चल, म्हागारी."

"तुम्ही जाऊन या. मी बसते इथं."

"येडी का काय! पोरीला डोंगरात टाकून माथा बघाय जाऊ? तुजा बाप काय म्हनंल मला?"

"काही म्हणणार नाही. ऊन उतरायला वेळ आहे."

"न्हाय म्हनले ना! डोंगर काय पळून चाललाय का?"

"डोंगर नाही," मी म्हटलं, "तुम्ही चाललाय."

मोठ्या माणसाशी असं बोलायची मला सवय नाही. वर्गात हात वर करायलाही मला दहादा विचार करावा लागतो. पण त्या दिवशी मला कळत होतं, की आज काकू फिरल्या तर तीस वर्षं म्हशीनं केलं ते माझ्या पायानं केल्यासारखं होईल. काकूंनी एकदा सातव्याकडं पाहिलं. मग पाण्याची बाटली आणि उरलेली भाकरी माझ्याजवळ ठेवली. "हालायचं न्हाय जाग्यावरनं. फोन लावलास तर माथ्यावर गेल्यावर उचलीन."

त्या गेल्या. मी दगडाला टेकून बघत राहिले. जांभळी साडी आधी ओढ्यात उतरली, मग पलीकडच्या गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. मला वाटलं, पडल्या की काय. मग बरंच वर ती पुन्हा दिसली, नखाएवढी. थांबत नव्हती. गवत वाऱ्यानं इकडं तिकडं होत होतं आणि तो एक ठिपका तेवढा सरळ वर चालला होता. माथ्यावर पोचल्यावर त्या उभ्या राहिल्या. त्यांनी हात हलवला नाही, माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. मी फोन लावला नाही.

परत आल्या तेव्हा त्यांचे पांढरे बूट मातीचे झाले होते. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि पाणी प्यायल्या.

"काय दिसलं काकू?"

"येडशीकडं रेल्वे चालली हुती. लई बारकी. आवाज बी न्हाय आला." मग बुटातली कुसळं उपटत म्हणाल्या, "आन् पल्याड आजून माथं हैत गं. म्या आपली सातच धरून बसले हुते."

मग मला खांद्याचा आधार देत, दहा पावलांवर थांबत, त्यांनी मला गावात आणलं. काकूंना इतकं हळू चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आता त्या पुण्यात आहेत. नातू झालाय. रविवारी मी घरी असले की त्यांचा फोन येतो. माझा पाय, माझा अभ्यास, आईचं कसं काय, सगळं विचारून झालं की त्या शेवटी विचारतात, "डोंगरावरचं गवत कापलं का गं?" गवत दिवाळीच्या आधीच कापून झालं. आता नुसते खुंट आणि दगड उरलेत, आणि गवत कधी कापतात हे काकूंहून जास्त कुणाला ठाऊक असणार? तरी मी सांगते, "न्हाय काकू. आजून उभं हाय."

"बरं," काकू म्हणतात. "आसू दे."