न फवारलेल्या चार सऱ्या

माझे सासरे पुंजाराम चौथी शिकलेले, पण कुठलीही गोष्ट तपासून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नवी चप्पलसुद्धा दोन दिवस घरातल्या घरात घालून बघायचे, मगच बाजारात. लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, हे मलाही तपासतायत की काय.

१९९८ साली मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडूवर लाल कोळ्याची कीड पडली आणि ऐन दसऱ्याला निम्मी फुलं गेली. पुढच्या साली मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कडुनिंबाचा पाला, लसूण आणि मिरची वाटून औषध केलं. हाताला फडकी गुंडाळून आधी एकाच झाडावर मारलं आणि आठ दिवस थांबले. पानं करपली नाहीत, तेव्हा चार सऱ्यांवर मारलं. शेजारच्या चार मुद्दाम तशाच सोडल्या. पलीकडच्या मळ्यातला धोंडीराम औषध मागायला रोज बांधावर येई. मामा म्हणत, कळ्या जळल्या तर तुझा दसरा बुडेल, थांब.

दसऱ्याला आठही सऱ्या सारख्याच डवरल्या. औषधात काही दम नाही म्हणून मामा हिरमुसून उरलेल्या औषधाचा हंडा ओतून द्यायला निघाले. तेव्हा सासूबाई, नवसाबाई, पुढं झाल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं. तशाच सोडलेल्या झाडांची त्यांना कीव आली होती. मामा बाजाराला गेले की त्या तिथंही गुपचूप फवारून येत. मला हसू आवरेना. धोंडीराम म्हणाला, आठही वाचल्या, म्हणजे औषध लागू पडलं, आता दे.

"अन् यंदा कोळी आलाच नसंल तर?" मामा म्हणाले. "काय बी कळलं नाय. आणखी एक साल थांबू."

धोंडीरामनं अबोला धरला. लहानपणचा दोस्त तो. मामांना फार लागलं, पण औषध दिलं नाही.

पुढच्या साली न फवारलेल्या सऱ्या राखायचं काम त्यांनी सासूबाईंनाच दिलं. पानं भुरकट झाली, त्यांवर जाळी धरली. सासूबाई रोज बघायच्या, डोळे पुसायच्या, पण हंड्याला हात लावला नाही. फवारलेल्या चार सऱ्या मात्र हिरव्यागार राहिल्या, कळ्याही शाबूत. हे दिसलं त्याच दिवशी मामा हंडा घेऊन स्वतः धोंडीरामच्या मळ्यात गेले. तिथंही आधी एकच सरी फवारली, ते सांगायला नकोच.

दसऱ्याला दोघांचीही फुलं गणेशवाडीच्या बाजारात गेली. आमच्या दारावरचं तोरण सासूबाईंनी न फवारलेल्या चार सऱ्यांतल्या खुरट्या फुलांचं केलं. मी नाक मुरडलं.

"असू दे गं छाया," त्या म्हणाल्या. "ही गेली म्हून समद्यांची वाचली."