मुखवट्यांना मनाई

शिंपी शर्टाला काजं करत बसला होता, तेव्हा ते दोघे दुकानात आले. गळ्यात पट्टे, पट्ट्यांना ओळखपत्रं, चेहऱ्यांवर कामाला लावलेलं हसू. समलिंगी माणसांच्या अभिमान यात्रेचे ते ‘व्यवस्थापक’ होते. म्हणजे बँकेची माणसं. तीन वर्षांपासून यात्रेचा खर्च एक बँक करत होती, म्हणून यात्रा बँकेचीच झाली होती. ती बावीस वर्षांपूर्वी याच दुकानात, याच कापड बेतायच्या टेबलावर ठरली होती, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार?

“काका, यंदा मुखवटे नकोत,” एक जण म्हणाला. “चेहरे दिसले की फोटो छान येतात. आणि लपायचं कशाला? अभिमान आहे ना!”

शिंप्याने चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पुढचं काज करायला घेतलं. जगातली भीती यांनी गेल्याच महिन्यात बैठक घेऊन बंद केली असावी.

मुखवटे ही शिंप्याचीच पद्धत. शिवणातून उरलेल्या कापडाचे, मागे दोन नाड्या. ज्याला नोकरीची, घरच्यांची धास्ती असेल, त्याने एक बांधावा आणि चालू लागावं. शिंप्याचा जोडीदार अकरा वर्षं तसाच चालला होता. तो शाळेत गणित शिकवायचा; सगळे त्याला सर म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. संस्थाचालकांच्या कानावर गेलं असतं, तर त्यांनी दार दाखवण्याइतकाही धीर धरला नसता.

“मग मी घरी बसतो,” संध्याकाळी सर म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की शिंप्याचं टाळकंच सरकलं. वर्षातून एकदाच दोघं भर रस्त्यात हात धरून चालायचे. तो एक दिवसही या मापं न घेता टी-शर्ट वाटणाऱ्यांनी काढून घ्यावा?

“घरी बसतील त्यांचे साहेब,” शिंपी म्हणाला. “आपण आपली वेगळी काढू.”

आणि काढली. बँकेची यात्रा होती त्याच रविवारी सकाळी, गुदामांच्या मागच्या रस्त्याने. ट्रक नाही, स्टेज नाही, नावनोंदणी नाही, कॅमेऱ्याला सक्त मनाई. शिंप्याने मोठ्या ऐटीत साठ मुखवटे शिवले. माणसं आली सव्वीस. त्यातल्या चौघांचं आपसात पटत नव्हतं आणि एका न्हाव्याला घोषणाच पाठ होत नव्हती. पलीकडच्या हमरस्त्यावर बँकेचा भोंगा केकाटत होता, “मोकळे व्हा! मोकळे व्हा!” मधूनच तो गृहकर्जाचा व्याजदर सांगत होता. शिंप्याने त्या दिशेला मनापासून दोन शिव्या हासडल्या. त्याला फार बरं वाटलं.

वळणावर सरांच्या शाळेतली शिपाई मावशी भाजीची पिशवी घेऊन उभी होती. शिंप्याच्या हातातली सरांची बोटं गार पडली. मावशीने सगळ्या मुखवट्यांवरून नजर फिरवली, ती सरांवर येऊन थांबली, मग खाली गेली.

“सर, बुटाची लेस सुटलीये. पडाल.”

शिंपी खाली वाकून लेस बांधू लागला. यात्रेत सर कधी बोलत नसत. आवाजावरून कोणी ओळखेल म्हणून अकरा वर्षांत त्यांनी साधी घोषणाही दिली नव्हती. आता वरून तो आवाज आला, वर्गात हजेरी घेताना असायचा तसा खणखणीत.

“बांधतोय तो, मावशी. माझ्या घरचाच माणूस आहे.”