डोंबिवलीच्या सरांचा मलिदा

आम्हा ठाण्याच्या बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंचं, एक मराठी मासिक निघायचं. सगळे ते शेवटून वाचायचे, कारण भांडणं शेवटच्या पानांवर असत. आमचे पंडित दिवसा कोर्टात नाहीतर बँकेत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी एकेका हिब्रू शब्दावरून एकमेकांची सालटी काढायचे. मला ती भांडणं फार आवडायची. इतक्या तब्येतीत भांडणारं आता कुणी उरलं नाही.

माझे काका त्यांतलेच. त्यांनी स्तोत्रांचं मराठी भाषांतर केलं होतं, मूळ हिब्रूवरून. ते वारले आणि वर्ष भरायच्या आतच त्यांच्या जुन्या मित्राने, डोंबिवलीच्या सरांनी, मासिकात लिहिलं की हे भाषांतर इंग्रजीवरून उतरवलेलं आहे. काकांच्या बाजूने कुणी उत्तर दिलं की पुढच्या अंकात सर नवा दाखला घेऊन हजर. वर्तकनगरच्या घरात काकू अंक आपटायच्या.

"जिवंतपणी बोलायचं होतं ना! आता कुणाशी भांडतोय हा? माझ्या घरचा मलिदा त्याला मिळायचा नाही."

मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं. जियारतीला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणाला, आमच्यात तो लागतोच. आणि कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. नऊ असतील तर ती म्हणताच येत नाही.

काकांच्या वर्षाच्या जियारतीला आम्ही नऊच जमलो. तरुण पोरं इस्राएलला गेलेली, कल्याणचे एक आजोबा तापाने पडलेले. काकांना मुलगा नाही, म्हणून कद्दीश मी म्हणायचा होता. ऊन उतरायला लागलं. आमची तिथी मावळतीलाच बदलते, दिवस मावळला की संपलंच. काकू मलिद्याच्या ताटाशी बसून पदराने डोळे पुसत होत्या. फोन करून करून मी वैतागलेलो.

तेवढ्यात बेल वाजली. काकूंनी उठून दार उघडलं. दारात सर, धापा टाकत, खिशातून टोपी काढत. त्यांना कुणीच बोलावलं नव्हतं.

"मी हिशेब केला," ते म्हणाले. "इथे कोण कोण उरलंय ते मला ठाऊक आहे. तुम्ही नऊच भरणार."

काकू दारातून बाजूला झाल्या. मी कद्दीश म्हटला. सरांचं "आमेन" सगळ्यांत मोठं होतं.

नंतर काकूंनी त्यांच्यापुढे बशी ठेवली.

"वहिनी, माझं मत बदललेलं नाही हं."

"मत कुणी मागितलंय? खा."

पुढच्या अंकात सरांचा लेख होताच. काकूंनी तो चष्मा पुसून पहिल्यापासून वाचला.

पुढे मासिक बंद पडलं, काकू भाचीकडे इस्राएलला गेल्या. गेल्या वर्षी सरांची जियारत झाली, डोंबिवलीत. आम्ही नऊच होतो. दिवस मावळेपर्यंत मी दाराकडे बघत बसलो. हिशेब करून सर स्वतःच येतील, असं वाटत होतं.