टेबलाच्या कडेला ठेवलेलं पदक

पाहुण्यांनी तिसऱ्या नंबरच्या मुलीच्या गळ्यात पदक घातलं. दुसरीच्याही घातलं, डोक्यावरून हात फिरवला. मग माझं नाव पुकारलं. आडनावासकट. पाहुण्यांचा हात थांबला. पहिल्या नंबरचं पदक त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलं.

"घे."

कर्जतची तालुका स्पर्धा. आठशे मीटर. मी नववीत. कोंडाण्याच्या आमच्या बौद्धवाडीतून हाफपँट घालून मैदानात उतरलेली पहिली मुलगी. वाडीतल्या बाया नाकं मुरडायच्या. आई दहिवलीला धुणीभांडी करायची. तिनं अडवलं नाही. अनवाणी पळाले होते, छाती अजून धपापत होती.

मी पदक उचललं नाही.

"त्या दोघींच्या गळ्यात घातलंत. माझ्या पण घाला."

आमच्या खेळाच्या सरांनी मागून येऊन दंड धरला. "मिळतंय ते घे. नाटकं नकोत."

"मग राहू द्या."

पदक टेबलावर तसंच सोडून मी खाली उतरले.

घरी आई म्हणाली, "घ्यायचं व्हतंस गं. पळालीस तू. त्यानं कुठं काय दिलं?"

तिचंही चूक नव्हतं. मला मात्र ते आजही पटत नाही.

जिल्ह्याला माझ्याऐवजी दुसरीला नेलं. सर वर्गासमोर म्हणाले, "हिला शिस्त नाही." पुढं कॉलेजकडून पळाले, राज्यापर्यंत गेले. पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

आता मी खोपोलीत शिळफाट्याला राहते. गेल्या महिन्यापर्यंत एका शाळेच्या मैदानावर मुलींना पळायला शिकवायचे. त्यातल्या चौघी बौद्धवाडीच्या. जात आता कोण पाळतं, असं सगळेच सांगतात. एक दिवस त्या शाळेच्या संचालकांनी बोलावलं. "मॅडम, तुमच्या त्या चौघी कुठल्या वाडीच्या?"

"त्या पळतात कशा ते बघितलंत का?"

ते हसले. "तसं नाय हो. बाकीचे पालक विचारतात. त्यांचा सराव वेगळ्या वेळेला घ्या ना."

"सगळ्या एकत्रच पळतील."

"मग मैदान देता येणार नाही."

नका देऊ. आम्ही कच्च्या रस्त्यावर पळतो. टेंपोची धूळ खातो. काही आयांनी पोरी काढून घेतल्या. राग येतो, रोज येतो. एवढ्या वर्षांनी तोच प्रश्न, फक्त आवाज गोड झालाय.

शाळेविरुद्ध मी लेखी तक्रार दिलीय. मिटवून घ्या म्हणून निरोप येतात.

मी मिटवणार नाही.