साडूंची जपानवर स्वारी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की पंजाबात बंदुका बोलत होत्या त्या वर्षांत चंडीगढमध्ये बसून जपानी भाषा जिंकण्याची मोहीम ज्या एकमेव मराठी पुरुषाने काढली, तो माझा साडू आहे. साडू निवडता येत नाही, बायकोबरोबर तो आपोआप पदरात पडतो. त्यात आम्ही दोघे नोकरीला एकाच मोठ्या इस्पितळात. मी भांडारात, ते यंत्रदुरुस्तीत. तिथे रक्त तपासणारं एक जपानी यंत्र आलं आणि साडूंचं डोकं फिरलं. यंत्राबरोबर माहितीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, पण ते यांना पटेना. "हे भाषांतर आहे हो," ते मला म्हणाले, "यंत्राचं मन जपानीत आहे." बायकोचं मन शुद्ध मराठीत असूनही ज्याला ते बारा वर्षांत वाचता आलं नव्हतं, असा माणूस हे बोलत होता.

मग दिवसभर ड्यूटी करून साडेपाचला स्कूटरला किक मारायची आणि सेक्टर पंधरामधल्या एका कोठीच्या, म्हणजे तिकडच्या बंगल्याच्या, गच्चीवरची खोली गाठायची, असा क्रम सुरू झाला. तिथे कोबे बंदरात वीस वर्षं कापडाचा धंदा करून परतलेले एक वृद्ध सरदारजी जपानी शिकवत. सुरुवातीला नऊ विद्यार्थी होते. हालत बिघडत गेली, लोक अंधाराआधी घर गाठू लागले, आणि शेवटी वर्गात साडू एकटे उरले. साडू मूळचे साताऱ्याचे. ते हवापाण्याबद्दल बोलले तरी बांधावरून भांडण चाललंय असं वाटे. "ओ मराठे, धीरे बोल," सरदारजी कळवळून म्हणत, "जापानी बंदा तेरे से लड़ने नहीं आया."

घरी तर विचारूच नका. ईसीजीच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर जपानी शब्द लिहून त्यांनी कुकर, मिक्सर, कपाट, सगळ्यांना चिठ्ठ्या डकवल्या. "भावजी, काल देव्हाऱ्यालाही लावली," मेव्हणी मला म्हणाली. "आता आरती कुठल्या भाषेत करू?" त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला मराठी सगळं समजे, पण उत्तर ती हिंदीतच देई. ती म्हणाली, "मम्मी, पापा को जापान ही भेज दो ना." मेव्हणी थट्टा करायची खरी, पण साडेसात वाजले की फाटकाशी येऊन उभी राहायची.

एकदा नाक्यावर त्यांची झडती झाली. पिशवीत बॉम्ब नाही, पण अगम्य लिपीने भरलेल्या तीन वह्या निघाल्या. जवानाला वाटलं, गुप्त संकेत. "कौन सी भाषा है?" "जापानी." "क्यों?" हा प्रश्न आम्ही नातेवाईकही दोन वर्षं विचारत होतो. शेवटी हवालदाराने वही वाचून दाखवायला सांगितली. साडूंनी भर रस्त्यात, मागे चाळीस स्कूटर खोळंबलेल्या असताना, 'ही पेन्सिल आहे, ती छत्री आहे' हा धडा साभिनय म्हटला आणि शेवटी कमरेत वाकले. हवालदार म्हणाला, "जाने दो. इतनी मेहनत कोई मुजरिम नहीं करता."

साडूंचं स्वप्न एवढंच, की यंत्राचा जपानी इंजिनियर आला की त्याच्याशी जपानीत बोलायचं. त्याचं येणं तीनदा ठरलं आणि इथली हालत पाहून तीनदा रद्द झालं. तिसऱ्या वेळी साडूंनी लग्नातला सूट इस्त्रीला दिला होता. मी स्वभावाने दुष्ट असल्यामुळे प्रत्येक वेळी कँटीनमध्ये 'साडूंच्या धास्तीने जपानची माघार' असं जाहीर करायचो.

आणि एके दिवशी यंत्र बंद पडलं. वॉर्डांतल्या रक्ताच्या नळ्या साचू लागल्या. इंजिनियर येईना, आणि टेलिफोनवरचं त्याचं इंग्रजी कुणाला कळेना. आमचे पंजाबी साहेब साडूंना म्हणाले, "आज फोन पर आप बात कीजिए. नहीं हुआ तो मशीन दिल्ली जाएगी, और आपका ये तमाशा भी बंद."

सकाळी अकराला जपानला कॉल लागला. मी सुटा भाग भांडारात आहे की नाही हे सांगायला आणि खरं सांगायचं तर साडूंची फजिती पाहायला हजर होतो. त्यांनी रिसीव्हर धरून टेबलाकडे पाहत वाकून नमस्कार केला. आम्ही हसू दाबत माना खाली घातल्या. मग ते बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. साडूंचे कान लाल, डोळे भरलेले.

यंत्र त्याच दिवशी सुरू झालं, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण माझ्या मनात राहिलंय ते निराळंच. त्या वर्षांत गावाकडच्या पत्रांत एकच प्रश्न असायचा, बदली कधी घेताय. हजारो मैलांवरच्या त्या जपानी माणसाने आम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. साहेबांचा मात्र धीर सुटला. "क्या बोल रहा है? कौन सा पार्ट बोल रहा है?" साडूंनी रिसीव्हरवर तळवा ठेवला, आणि मराठीचं एक अक्षरही न कळणाऱ्या साहेबांना अस्सल सातारी आवाजात म्हणाले, "अहो थांबा की जरा! मशीनचं मग. आपण सगळी माणसं बरी आहोत का, ते विचारतोय तो."